काका, जरा दाराकडं तोंड करा : फोटोंविषयी वाचकांचे प्रश्न

शेजारपाजारच्या माणसांचे फोटो कसे काढावेत आणि काढलेल्या फोटोंवर आपापसांत कसं बोलावं, याविषयी आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रं बेळगाव शहरातली, खानापूर तालुक्यातली आणि निपाणीची आहेत. बहुतेकांच्या हातात फोन आहे, काहींकडे जुना डीएसएलआर आणि ५० मिमीची लेन्स. दोन्हींना लागू पडेल असंच लिहिलं आहे.

फोन जवळ नेऊन आमच्या दूधवाल्या मामांचा चेहरा भरून घेतला, तर नाक फुगलेलं आणि कान मागं गेलेले दिसतात. मामा फोटो बघून नाराज झाले. फोनच बदलायला हवा का?
वाचक, अनगोळ

फोन बदलू नका, पाय मागं घ्या. चेहरा बेढब होतो तो अंतरामुळं. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटिमीटर अंतर असतं. फोन नाकापासून ४० सेंटिमीटरवर धरला, तर कान ५२ सेंटिमीटरवर राहतो, म्हणजे नाक कानाच्या मानानं ३० टक्के मोठं उमटतं. तोच फोन दीड मीटरवर नेला की हा फरक ८ टक्क्यांवर येतो आणि डोळ्याला खटकत नाही. फोनची मुख्य लेन्स २४ ते २६ मिमीच्या जवळपासची, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी असते. तिच्यात चेहरा मोठा दिसावा म्हणून आपण नकळत जवळ जातो आणि तिथंच बिघडतं.

दीड ते दोन मीटरवर उभं राहा आणि २x वर टॅप करा. उजेड कमी असला की बरेच फोन दूरची लेन्स न वापरता मुख्य लेन्सचंच चित्र कापून मोठं करतात. तुमचा फोन काय करतो हे बघायचं असेल तर २x लावून एकेका लेन्सवर बोट ठेवा. जिच्यावर बोट ठेवल्यावर पडदा काळा होतो, ती लेन्स चालू आहे. ब्यूटी किंवा फेस स्मूद नावाचं जे काही असेल ते पूर्ण बंद करा. मामांच्या गालावरच्या सुरकुत्या पुसल्या तर मामाच पुसले जातात. पोर्ट्रेट मोड वापरलात तर त्यातला एफचा आकडा (तो जितका लहान, तितकं मागचं धूसर) ४ ते ५.६ ठेवा. १.४ किंवा २ ठेवला की फोन कानाची कड, पटक्याचा तुरा, चष्म्याची दांडी हे सगळं मागच्या धुक्यात ढकलतो.

वडगावात शेजारच्या काकांचा यंत्रमाग आहे. मागावर बसलेला त्यांचा फोटो हवा आहे. आत एकच दार, एक खिडकी आणि ट्यूबलाइट. चेहरा काळा येतो, मागचं दार पांढरंफटक होतं, शिवाय फोटोवर आडवे पट्टे दिसतात.
वाचक, वडगाव

तुमच्या प्रश्नात तीन अडचणी आहेत, आणि दोन एकाच गोष्टीनं सुटतात.

सध्या दार काकांच्या पाठीमागं आहे. कॅमेरा सगळ्या चौकटीचा सरासरी उजेड मोजतो. दाराचा लख्ख चौकोन त्यात आला की तो सगळंच अंधारं करतो आणि चेहरा बुडतो. म्हणून काकांना फिरवा, दाराकडं तोंड करून बसवा. अगदी उंबऱ्यात बसवू नका, कारण तिथं उजेड सपाट पडतो. उंबऱ्यापासून तीन-चार फूट आत स्टूल ठेवा आणि खांदे दाराशी तिरके, साधारण ४५ अंशांत वळवा. एक गाल उजळेल, दुसऱ्यावर मऊ सावली पडेल आणि दोन्ही डोळ्यांत दाराचा चौकोन चमकेल. ही चमक नसली की चांगला चेहराही निर्जीव दिसतो. म्हणून बटण दाबण्याआधी डोळ्यांत दार दिसतंय का एवढं बघायचंच. सावलीकडचा गाल फार काळा वाटला तर त्या बाजूला दोन फुटांवर कुणाला तरी पांढरं धोतर किंवा थर्माकोलची पाटी धरायला सांगा. अॅल्युमिनियम फॉइल नको, त्याचे ठिपके चेहऱ्यावर उमटतात.

दुसरं, ट्यूबलाइट बंद करा. दारातला उजेड निळसर, ट्यूबचा हिरवट. दोन्ही एकाच चेहऱ्यावर आले की एक गाल दुरुस्त करताना दुसरा बिघडतो. पट्टेही तिच्यामुळंच. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं जुन्या चोकची ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. फोन चित्र वरून खाली ओळीओळीनं वाचतो, म्हणून काही ओळी तेज क्षणी, काही मंद क्षणी वाचल्या जातात. दिवा बंद करता येत नसेल तर प्रो मोडमध्ये (जिथं आकडे हातानं ठरवता येतात) शटर, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवा. मग प्रत्येक ओळीला पूर्ण फेऱ्या मिळतात आणि पट्टे जातात. दाराच्या उजेडात एफ १.८, १/१०० आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता, ती वाढवली की फोटोत दाणे येतात) ४०० ते ८०० मध्ये काम भागतं.

राहिला तिसरा भाग, तो काळजीचा. माग चालू असताना फोटोसाठी जवळ जाऊ नका. धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन धावणारा लाकडी तुकडा, उडून बाहेर येऊ शकतो. मागाच्या फिरत्या पट्ट्यात कॅमेऱ्याचा दोर, ओढणी, पदर अडकू शकतो. काकांना माग बंद करायला सांगा आणि तुटलेला धागा जोडताना किंवा धाग्याची कांडी बदलताना त्यांना टिपा. हे काम ते रोज करतात, त्यामुळं हात अवघडत नाहीत, आणि विणकराचे हात चेहऱ्याइतकंच बोलतात. बोटं चौकटीत पूर्ण घ्या. अमेरिकन छायाचित्रकार अर्विंग पेन यांनी १९५०-५१ मध्ये पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्कमधल्या कामकरी माणसांचे फोटो काढले. ती माणसं कामाच्या कपड्यांत, हातात आपापली हत्यारं घेऊन साध्या कापडापुढं उभी आहेत. कामाची वस्तू हातात आली की माणूस कसा उभा राहतो हे त्यांत नीट दिसतं. खासबाग, वडगाव, शहापूर या भागात अशी माणसं दाराआड आहेत.

गल्लीत मागं सगळा पसारा येतो: वायरी, फ्लेक्स, मोटरसायकली. कुठं उभं करावं?
वाचक, शहापूर

आधी स्वतः दोन पावलं डावी-उजवीकडं सरकून बघा. निम्मा पसारा तेवढ्यानंच डोक्यामागून जातो. फ्लेक्स मात्र टाळाच. चौकटीत अक्षरं असली की नजर ती आधी वाचते, चेहरा नंतर.

काहीच जमेना तर घोंगडी लावा. पडदा म्हणून तिच्याइतकी सोयीची वस्तू या भागात दुसरी नाही. काळी लोकर उजेड पिते, चकाकत नाही, सुरकुती धरत नाही. ओसरीच्या दांडीवर टाका आणि माणसाला तिच्यापुढं चार-पाच फुटांवर बसवा, म्हणजे तिची वीण धूसर होते आणि माणसाची सावली तिच्यावर पडत नाही. मागं इतकं काळं आलं की कॅमेरा चेहरा फाजील उजळ करतो. फोनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, कुलपाचं चिन्ह दिसलं की बाजूचं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. कॅमेऱ्यावर उजेड कमी-जास्त करायचा आकडा (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) उणे ०.७ ते उणे १ ठेवा. चुन्याच्या भिंतीपुढं सावळा चेहरा असेल तर नेमकं उलट, अधिक ०.७ ते १. पांढरा पटका उन्हात असेल तर पटक्याचे पीळ दिसतील इतका उजेड उतरवा आणि चेहरा नंतर एडिटिंगमध्ये उजळवा. पांढऱ्यातला तपशील एकदा जळाला की परत येत नाही.

मालीतल्या बामाको शहराचे सेदू कीता यांनी १९४८ मध्ये स्टुडिओ काढला. अंगणात, दिवसाच्या उजेडात, मागं स्वतःची पलंगपोस लावून ते गावातल्या लोकांचे फोटो काढत. ते फोटो पुढं जगभर गेले. आपल्याकडं पलंगपोस आहे, अंगणही आहे.

निपाणीच्या बाजारात दुपारी फोटो काढले की डोळ्यांच्या जागी काळे खड्डे येतात. ताडपत्रीखाली काढले तर माणूस निळा. कोणती वेळ बरी?
वाचक, निपाणी

निपाणी-बेळगावच्या अक्षांशावर मेच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास जवळजवळ बरोब्बर डोक्यावर असतो. भुवयांची सावली डोळ्यांवर आणि नाकाची ओठांवर पडते. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर आणि चारच्या आधी उघड्या उन्हात चेहरा काढूच नका. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो, तेव्हा दुपारही निभावते.

बाजार दुपारचाच असेल तर छपराची कड शोधा. माणूस सावलीत, पण कडेपासून फूट-दोन फूट आत, तोंड बाहेर. समोरची उन्हातली जमीन खालून उजेड टाकते आणि खड्डे भरून निघतात. खानापूरकडं ही जमीन तांबडी असते, त्यामुळं हनुवटीखाली लाली येते. व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगछटेचा समतोल) थोडा निळ्याकडं सरकवला की ती कमी होते. ताडपत्रीचा निळा मात्र असा निघत नाही. कारण एका गालावर ताडपत्रीचा उजेड असतो, दुसऱ्यावर रस्त्याचा. तिथं माणसाला कडेपर्यंत बाहेर घ्या किंवा पांढऱ्या कापडाच्या छपराखालचं दुकान निवडा.

पावसाळ्यात ढगांमुळं उजेड मऊ असतो, पण येतो वरूनच, म्हणून खड्डे तेव्हाही राहतात. वळचणीखाली, भिंतीकडं थोडं मागं सरकून, तोंड पावसाकडं करून बसवा. छप्पर वरचा उजेड अडवतं आणि समोरचाच चेहऱ्यावर येतो. जुलैतली कौलारू पडवी म्हणजे फुकटचा स्टुडिओ आहे, तिचा भरपूर उपयोग करा.

चष्म्यात खिडकी दिसते. चष्मा काढायला सांगू का?
वाचक, टिळकवाडी

नको. रोज चष्मा घालणाऱ्यानं तो काढला की डोळे उघडे-बोडके वाटतात आणि नाकावर खुणा दिसतात. दांड्या कानांवर अर्धा सेंटिमीटर वर उचला, म्हणजे काचा किंचित खाली झुकतात. किंवा हनुवटी थोडी खाली घ्यायला सांगा. एवढ्यानं भागलं नाही तर माणूस तसाच ठेवून तुम्ही खिडकीपासून आणखी बाजूला सरका.

आजी, मावशी फोटो म्हटलं की ताठ होतात. "माझा काय काढूलालास, सुनेचा काढ," असं म्हणतात. गल्लीत कन्नड बोलणारी घरंही आहेत, त्यांना कसं विचारू? न विचारता पटकन टिपलं तर नैसर्गिक येतं, हे खरं ना?
वाचक, खानापूर तालुका

शेवटचं आधी: न विचारता टिपलेल्या फोटोत बहुधा पाठ, अर्धा चेहरा आणि संशयानं बघणारे डोळे येतात. तुम्ही त्याच गल्लीत राहता. उद्या पुन्हा त्यांच्या दारावरून जायचं आहे. विचारा. कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्यांना "ओंदु फोटो तेगीलेन्री?" एवढं म्हटलं तरी पुरतं, आणि आधी अज्जा, अव्वा, अक्का, अण्णा यांपैकी जे शोभेल ते लावा. लहान मुलांसाठी आई-वडिलांना विचारा. फोटो काढायची परवानगी आणि तो स्टेटसवर किंवा प्रदर्शनात लावायची परवानगी या दोन वेगळ्या आहेत, दोनदा विचाराव्या लागतात. नको म्हणाल्या तर त्यांच्यासमोर पुसून टाका, डिलीट केलेल्यांच्या फोल्डरमधूनसुद्धा.

आता ताठपणा. आजी ताठ होतात कारण फोटो ही त्यांच्या लेखी मानाची गोष्ट आहे. पदर डोक्यावर, हात मांडीवर, नजर समोर असा फोटो भिंतीवर लागतो हे त्यांना ठाऊक आहे. तो फोटो आधी काढा, मन लावून काढा. तो त्यांचा फोटो. घाई केली की त्यांना कळतं आणि पुढचं दार बंद होतं.

तो झाला की खाली बसा. आजी पाटावर असतील तर तुम्ही जमिनीवर, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. उभ्यानं काढलेल्या फोटोत बसलेला माणूस लहान आणि दबलेला दिसतो. हातात काम द्या: मेथी निवडणं, वाती वळणं, लसूण सोलणं. विचारायचं ते हातांबद्दल विचारा, "या वाती किती पदरी?" असं. त्या मान वर करून उत्तर देतात, तो क्षण तुमचा. शटर १/१२५ तरी हवं, पोरं मध्ये लुडबुडत असतील तर १/२५०. फोकस जवळच्या डोळ्यावर. आणि "झालं" म्हणाल्यावर कॅमेरा लगेच खाली नेऊ नका. खांदे सैल होतात ते त्याच वेळी. दहा-पंधरा फोटो पुरे. शंभर काढायला लागलात तर समोरचा माणूस दमतो आणि तुम्ही बघायचं थांबता.

आम्ही सहा-सात जण रविवारी जमून एकमेकांचे फोटो बघतो. एकतर "मस्त, भारी" एवढंच होतं, नाहीतर कुणीतरी दुखावतं. सोबत हिंडलग्याच्या एका चहावाल्यांचा फोटो पाठवतो. यावर तुम्ही कसं बोलाल?
वाचक, बेळगाव

फोटो न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: चहावाले उंचावरून चहा ओतताहेत, नजर बाजूच्या गिऱ्हाइकाकडं, डावीकडून बल्बचा उजेड, मागं पिवळा फ्लेक्स. क्रॉप सेन्सरचा (३५ मिमी फिल्मपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा, ५० मिमी, एफ १.८, १/६०, आयएसओ ८००, अंतर दीड मीटर.

नजर आधी चहाच्या धारेवर जाते, तिथून फ्लेक्सवरच्या अक्षरांवर, आणि चेहऱ्यावर सगळ्यांत शेवटी. फोटो चहावाल्यांचा आहे, म्हणजे क्रम उलटा पडला. कारण स्पष्ट आहे: फोकस धारेवर आहे. दीड मीटरवर एफ १.८ ला जेमतेम सहा-सात सेंटिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो. हात त्यांच्या चेहऱ्याच्या फूटभर पुढं आहे, म्हणून चेहरा धूसर झाला. ग्लास धरलेला हात मनगटावर कापला गेलाय, तोही सलतो. चांगलं काय, तर डावीकडचा उजेड गालाचं हाड सुंदर उभं करतो, आणि गिऱ्हाइकाकडं बघतानाची त्यांची नजर खरी आहे, ती सांगून आणता येत नाही. तेवढ्यासाठी हा फोटो पुन्हा काढायला हवा.

कसा? दोन मीटरवर जा, एफ २.८ करा, फोकस डोळ्यावर. पट्टा १८ सेंटिमीटरचा होतो, चेहरा पूर्ण बसतो, धार थोडी धूसर राहिली तरी चालते. अंतर वाढलं की दोन्ही हातही चौकटीत येतात. शटर १/१२५ ला आणलं तर या बल्बात आयएसओ ४००० च्या आसपास जातं. दाणे दिसतील, दिसू देत. अस्पष्ट डोळ्यांपेक्षा दाणेदार डोळे बरे. त्यापेक्षा अर्धा तास आधी, आभाळात उजेड असताना गेलात तर आयएसओ निम्म्यावर येईल. दोन पावलं उजवीकडं उभं राहिलात तर फ्लेक्स डोक्यामागून सरकेल. फोटो कापून यातलं काहीच साधत नाही.

तुमच्या बैठकीतही याच क्रमानं जा. फोटो ४ बाय ६ इंचाच्या प्रिंटवर किंवा लॅपटॉपवर बघा. फोन हातोहात फिरवला की प्रत्येक जण वेगळं चित्र बघतो. पहिला अर्धा मिनिट कुणी बोलायचं नाही, फोटो काढणाऱ्यानं तर सगळ्यांत शेवटी. मग प्रत्येकानं सांगायचं, नजर आधी कुठं गेली, नंतर कुठं. सहांतल्या पाच जणांची नजर फ्लेक्सवर गेली तर वाद उरत नाही. त्यानंतर काय टिकवावं. मग बदल, पण प्रत्येकानं एकच, आणि करून बघता येईल असा: कुठं उभं राहायचं, किती वाजता, काय हलवायचं. "भाव कमी आहे" याचं काढणाऱ्यानं काय करायचं? कडा तपासायला जुन्या पत्रिकेच्या जाड कागदाचे काटकोनी दोन तुकडे कापा आणि प्रिंटवर ठेवून सरकवा. कुठं कापलं तर बरं हे सगळ्यांना एकदम दिसतं.

एका गोष्टीवर मात्र कडक राहा. चेहऱ्यावर बोलायचं नाही. "काळा आलाय", "म्हातारी दिसते", "दात पुढं आहेत" ही फोटोची समीक्षा नव्हे. गालावर उजेड कमी असेल तर "सावलीकडं एक स्टॉप कमी आहे" (म्हणजे उजेड निम्मा आहे) असं म्हणा, कारण ते दुरुस्त होतं. रंग गोरा करून छापण्याची सवय आपल्याकडं जुनी आहे. ती मोडायची तर अशा बैठकीतच मोडेल. ज्याचा फोटो आहे तो माणूस खोलीत बसलाय असं समजून बोला. फाटका गंजी आणि उपाशी डोळे एवढ्यावरच फोटो उभा असेल तर विचारा: हा फोटो ते स्वतःच्या घरात लावतील का? लावणार नसतील तर का काढला, याचं उत्तर काढणाऱ्याकडं असायला हवं.

शेजाऱ्यांना प्रिंट द्यायच्या आहेत. स्टुडिओतून आणलेल्या प्रिंट अंधाऱ्या येतात, कोपरंही कापलेली असतात.
वाचक, खानापूर

फोनचा पडदा पूर्ण उजळ ठेवून तुम्ही फोटो ठीक केलात, म्हणून. उजेड निम्म्यावर आणा, ऑटो बंद करा, मग फोटो बघा. अंधारा वाटला तर तेवढा उजळवा. पहिल्यांदा एकच प्रिंट काढून बघा, बाकीच्या नंतर.

कोपरं जातात कारण फोनचा फोटो ४:३ चा आणि ४ बाय ६ चा कागद ३:२ चा. उभ्या फोटोत दोन्ही बाजू मिळून नववा हिस्सा कापला जातो. काढतानाच बाजूंना मोकळी जागा ठेवा. ४ बाय ६ ला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, ८ बाय १२ ला २४०० बाय ३६००. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येते, म्हणून स्टुडिओला डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह न्या.

खानापूरच्या पावसात फ्रेमच्या काचेला चिकटलेली प्रिंट नंतर सुटत नाही, पापुद्रा निघतो. काच आणि प्रिंटमध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घालायला सांगा. मागं नाव, गल्ली आणि तारीख लिहा, पण बॉलपेननं नको, त्याचा दाब समोर उमटतो. पातळ टोकाचा पर्मनंट मार्कर घ्या, आणि शाई वाळेपर्यंत प्रिंट एकमेकींवर ठेवू नका.